एका निर्लेखित यंत्राचा जीर्णोद्धार

सरकारी नोकरीत ज्या शब्दांशी माणसाचा रोजचा घरोबा होतो, त्यांपैकी 'निर्लेखन' हा एक शब्द आहे. कार्यालयातील एखादी वस्तू मोडली, झिजली, कालबाह्य झाली किंवा नुसतीच अडगळ ठरली, म्हणजे जडवस्तूंच्या नोंदवहीतून ती रीतसर कमी करावी लागते. त्यासाठी समिती नेमतात. समिती पाहणी करते, 'दुरुस्ती किफायतशीर नाही' असा शेरा मारते आणि खाली सह्या होतात. गेल्या वीस वर्षांत अशा किती याद्यांवर मी सही केली असेल, याची गणती मजजवळ नाही. टंकलेखन यंत्रे, पंखे, लोखंडी कपाटे आणि अलीकडे फार मोठ्या संख्येने संगणक. सही करताना हात कधी अडखळल्याचे आठवत नाही. आज ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहे, तेही अशाच एका यादीतून खाली उतरलेले यंत्र आहे. फरक एवढाच, की त्या यादीवर माझी सही नव्हती, आणि त्या यंत्रावर माझे बालपण खर्ची पडले होते.

माझे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. १९९२ साली मी आठवीत गेलो, तेव्हा आमच्या शाळेत एक खोली अशी होती, की जिच्या दाराशी देवळाप्रमाणे चपला काढून ठेवाव्या लागत. आत पाच संगणक होते आणि त्यांवर शिवणाच्या बाईंनी शिवून दिलेली निळ्या कापडाची झाकणे होती. खोलीचा ताबा गणिताच्या सरांकडे. आठवड्यातून एक तास, आणि एका यंत्रावर चौघे, असा तो हिशेब होता. चौघांपैकी एकाने कळा दाबावयाच्या, एकाने वहीत पाहून सांगावयाचे, आणि उरलेल्या दोघांनी चुका काढावयाच्या. चुका काढण्याचे काम मला लवकर साधले. पुढे शासकीय सेवेत त्याचा उपयोग झाला.

ती यंत्रे तेथे कशी आली, हे पुष्कळ वर्षांनी मला कळले. १९८४ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून देशातील २५० शाळांत संगणकाची ओळख करून देण्याचा एक प्रयोग सुरू केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'क्लास' असे म्हणत. पुढे तो पुष्कळ शाळांत पसरला. त्यासाठी जे यंत्र निवडले गेले, ते इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने बनविलेले 'बीबीसी मायक्रो'. नभोवाणीवरून बोलताना ही गोष्ट सांगण्यात मला विशेष गंमत वाटते. बीबीसीने आपल्या प्रेक्षकांना संगणक-साक्षर करण्याचा कार्यक्रम आखला, त्या कार्यक्रमाला जोड म्हणून एक यंत्र हवे होते, आणि म्हणून हा संगणक १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला. नभोवाणीच्या पोटी संगणक जन्माला यावा, हा योग पुन्हा कधी आल्याचे मला ठाऊक नाही. आपल्याकडे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र 'युनिकॉर्न' या नावाने काढले. ज्यांच्या घरी थोडी ऐपत होती, त्यांच्यासाठी सिंक्लेअर स्पेक्ट्रमची एक भारतीय आवृत्ती १९८६ पासून मिळू लागली होती. ती दूरचित्रवाणी संचाला जोडली, की घरातील इतरांना बातम्या पाहता येत नसत.

बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेले लग्नाच्या पंगतीचे एक छायाचित्र जेवढी जागा अडविते, तेवढ्यात अशा शंभर यंत्रांची स्मृती सहज मावेल. पण त्या ३२ किलोबाइटांत लपवाछपवी नव्हती. यंत्र चालू केले, की 'बूप-बीप' असा दुहेरी सूर निघे आणि पडद्यावर एक लहानशी खूण उभी राही. म्हणजे, 'मी तयार आहे, आता तुम्ही बोला.' आजचा संगणक उघडताच आपणासच पुष्कळ काही सांगू लागतो. तो संगणक गप्प बसून वाट पाहत असे. काही सांगावयाचे तर आपणच, बेसिक नावाच्या भाषेत, ओळीला क्रमांक घालून.

सरांनी आम्हा चौघांना दिलेले काम होते पडद्यावर देवनागरी उमटविण्याचे. यंत्राला इंग्रजीखेरीज दुसरी लिपी ठाऊक नव्हती, पण नवी अक्षरे घडविण्याची सोय त्यात होती. आठ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ ठिपके, एवढ्या चौकटीत अक्षर बसवावयाचे. ठिपक्यांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती. जे ठिपके उजळावयाचे त्यांच्या किमतींची बेरीज ती त्या ओळीची संख्या. आठही ठिपके उजळले म्हणजे २५५. म्हणून आमच्या लेखी शिरोरेषा ही शिरोरेषा राहिलीच नव्हती, ती २५५ झाली होती. अक्षर कोणतेही असो, वर २५५. 'म'चे दोन दंड म्हणजे ३४, त्यांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे १२६. मराठीच्या तासाला फळ्यावर बाई काही लिहू लागल्या, की आम्ही चौघे मनात बेरजा करीत असू.

अडचण अशी, की अशा नव्या अक्षरांना यंत्रात सरळपणे मिळणारी घरे ३२ होती आणि आपली व्यंजने क्ष, ज्ञ धरून ३६. शिवाय काना, मात्रा, वेलांट्या निराळ्याच. ङ आणि ञ यांना पहिल्याच दिवशी रजा देण्यात आली. ष काढावयाचा की ठेवावयाचा यावर दोन आठवडे गेले. अखेर सरांनी तो ठेवविला, कारण त्यांच्या आडनावात तो होता. भाषाशुद्धीचे पुष्कळसे वाद मुळाशी असेच असतात की काय, अशी शंका पुढे मराठी घेऊन एम.ए. करताना मला अनेकदा आली. १९९३ च्या स्नेहसंमेलनात पडद्यावर 'आमची शाळा' ही अक्षरे एकेक करून उमटली, आणि मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजविल्या. तो कार्यक्रम आम्ही एका कॅसेटवर साठवून ठेवला. त्या वेळी साठवावयाचे म्हणजे यंत्राने किरकिऱ्या सुरात बोलावयाचे आणि टेपरेकॉर्डरने ते ऐकून ठेवावयाचे. अंकांचे हे असे सूर झालेले असल्यामुळेच हॉलंडच्या नभोवाणीने त्या काळी संगणकाचे कार्यक्रम चक्क प्रक्षेपित केले. श्रोते ते टेप करून घेत आणि आपल्या यंत्राला ऐकवीत.

चारपाच वर्षांनी शाळेत नवे संगणक आले आणि जुन्यांचे निर्लेखन झाले. लिलावात एक यंत्र सरांनी पन्नास रुपयांना घेतले. २०१९ मध्ये ते सोलापूरचे घर आवरून पुण्यास मुलाकडे राहावयास गेले, तेव्हा यंत्र आणि कॅसेट मला बोलावून हाती दिली. म्हणाले, "चालू कर कधीतरी. घाई नाही." घाई नाही हे शब्द मी शब्दशः पाळले. चेन्नईस बदली झाली तेव्हा ते यंत्र सामानाबरोबर आले आणि पेरुंगुडीतील आमच्या तळमजल्याच्या घरात, कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात, निळ्या कापडासह बसून राहिले.

पेरुंगुडी हे चेन्नईचे दक्षिणेकडील उपनगर. एका अंगाने राजीव गांधी सालै हा माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी गजबजलेला रस्ता जातो आणि दुसऱ्या अंगास पळ्ळिक्करणैची विस्तीर्ण दलदल आहे. तेथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०२२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच दलदलीच्या कडेला शहराचा जुना कचरा-डेपो आहे. सुमारे २२५ एकरांत अनेक दशकांचा कचरा साठत गेला, आणि अलीकडे तो उपसून, चाळून, जमीन मोकळी करण्याचे काम चालू झाले. म्हणजे संगणकाच्या कार्यालयांत जे नवे तयार होते आणि शहर जे जुने टाकून देते, त्या दोहोंच्या मध्ये आमचे घर. पावसाचे पाणी पूर्वी जेथे मुरत होते, तेथे आता आपण राहतो. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, हे मला २०२३ च्या डिसेंबरात कळले.

मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस ३ डिसेंबरच्या रात्री सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरात गुडघाभर पाणी होते. आम्ही जिना चढून वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे आश्रय घेतला. पाणी ओसरावयास दोन दिवस लागले. खाली आलो तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यात गाळ होता आणि गाळात ते निळे कापड. गल्लीतील प्रत्येक फाटकाशी भिजलेल्या गाद्या, फ्रिज, दूरचित्रवाणी संच यांचे ढीग लागले होते. आमच्या ढिगात यंत्र मी स्वतः नेऊन ठेवले. मनातल्या मनात शेराही मारला, 'दुरुस्ती किफायतशीर नाही.' सरांना काय सांगावयाचे, हा विचार मी पुढे ढकलला.

ते यंत्र ढिगातून परत आले, याचे श्रेय वरच्या शेजाऱ्यांचे. ते तामीळ गृहस्थ, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना 'सार' म्हणतो आणि तेही मला 'सार'च म्हणतात, त्यामुळे तिसऱ्या माणसाला कोण कोणाशी बोलत आहे हे कळत नाही. जिन्यावरून उतरता उतरता त्यांची नजर यंत्राकडे गेली. त्यांनी विचारले, "पाणी आले तेव्हा याला वीज जोडलेली होती काय?" मी म्हणालो, "नव्हती. वर्षानुवर्षे नव्हती." तेव्हा ते म्हणाले, "मग ते मेलेले नाही. पाण्याने यंत्र मरत नाही. पाण्यात असताना वीज सोडली, म्हणजे मरते." पूरग्रस्त टेलिफोन एक्सचेंजे धुऊन पुन्हा उभी करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या या विधानापुढे माझ्या शेऱ्याला काही अर्थ उरला नाही.

पुढचे आठ महिने आमचे रविवार त्या यंत्राने घेतले. आपला हा संगणक उघडावयास फार सोपा आहे. ज्या स्क्रूंनी त्याचे झाकण बसविलेले असते, त्यांच्याशेजारी 'फिक्स' असा शब्दच उठविलेला आहे. ज्यांनी हे यंत्र केले त्यांना ते कोणीतरी उघडणार, आत पाहणार, दुरुस्त करणार, हे मान्य होते. अलीकडच्या उपकरणांना स्क्रूऐवजी डिंक असतो, आणि उघडले तर हमी रद्द होते. सारांनी मुख्य फलक सोडवून शुद्ध केलेल्या पाण्यात मऊ ब्रशाने धुतला, मग अल्कोहोलने पुसला आणि पत्र्याच्या डब्यात आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह तीन आठवडे ठेवून दिला. चेन्नईच्या हवेत उघड्यावर काही वाळत नाही. कळफलकाची एकूणएक कळ निघाली. ज्या स्प्रिंगा गंजल्या होत्या त्या लिंबाच्या रसात टाकून स्वच्छ केल्या. हा उपाय माझ्या पत्नीचा. तांब्यापितळेची भांडी घासणाऱ्या घरात त्याला कोणी शोध म्हणणार नाही.

येथे माझ्या हातून एक आगळीक घडली. वीजपुरवठ्याच्या पेटीत धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांचे कवच तडकते, कागद ओल धरतो, आणि वीज सोडली की ते फुटतात. बीबीसी मायक्रो दुरुस्त करणाऱ्या जगातील कोणालाही विचारा, पहिली सूचना हीच मिळते, की ते आधी बदला. सारांनीही तेच बजावले होते. पण एका रविवारी ते गावी गेले असता मला धीर निघेना. मी वीज सोडली. काही क्षण काहीच झाले नाही. मग फट् असा आवाज झाला आणि पेटीच्या जाळीतून जो धूर निघाला, त्याचा वास पडद्यांना महिनाभर येत होता. सुदैवाने हे कपॅसिटर दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखे असतात. ते स्वतः जळाले तरी आतल्यांना धक्का लागत नाही. सार परतले, त्यांनी वास घेतला, आणि मला काहीही न बोलता कथलाची तार व डाख देण्याची लेखणी पुढे केली. बोलले असते तर बरे झाले असते.

नवे कपॅसिटर लावून यंत्र चालू केले, तेव्हा दुहेरी सुराऐवजी एकच सूर निघाला आणि तो थांबेना. याचा अर्थ यंत्र जागे होऊ पाहते, पण उठू शकत नाही. फलकावरील चिपांचे पाय ज्या खोबणीत बसतात, त्यातील एकीत हिरवट गंज धरला होता. ती चिप काढून पाय स्वच्छ केले, खोबण बदलली. सूर थांबला, 'बूप-बीप' झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आले असे सांगणे शोभून दिसले असते, पण तसे घडले नाही, कारण पडद्यावर जे दिसले त्याने आम्ही बुचकळ्यात पडलो. सबंध पडदा अवतरणचिन्हांनी भरून गेला होता. जेथे कोरी जागा असावयास हवी, तेथे सर्वत्र दुहेरी अवतरणचिन्हे. आणि त्यांच्या गर्दीत 'बीबीसी' ही अक्षरे अगदी बरोबर, पण पुढचा 'कॉम्प्युटर' हा शब्द पार विद्रूप. 'एम'च्या जागी 'ओ', 'पी'च्या जागी 'आर', 'टी'च्या जागी 'व्ही'.

हे कोडे सोडवावयास मला दोन दिवस लागले आणि ते सुटले तो क्षण, प्रामाणिकपणे सांगतो, या सबंध खटाटोपातील सर्वोत्तम क्षण होता. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. 'एम'चा १०९, 'ओ'चा १११. 'पी'चा ११२, 'आर'चा ११४. कोऱ्या जागेचा ३२, अवतरणचिन्हाचा ३४. प्रत्येक ठिकाणी चूक दोनची. ज्या अक्षराच्या क्रमांकात दोनची किंमत मुळातच मिळविलेली होती, ती अक्षरे, म्हणजे 'बी' आणि 'सी', शाबूत होती. म्हणजे कोठेतरी 'दोन' या किमतीचा दिवा सदा पेटलेला राहिला होता, तो विझत नव्हता. या यंत्रात स्मृतीच्या सोळा चिपा असतात. आठ खालच्या अर्ध्या स्मृतीसाठी, आठ वरच्या अर्ध्या स्मृतीसाठी, आणि प्रत्येक चिप अक्षराचा एकेकच दिवा सांभाळते. पडद्यावरचा मजकूर वरच्या अर्ध्यात राहतो. सोळांपैकी नेमकी कोणती चिप निकामी आहे, हे फलकाला हात न लावता, नुसते पडद्यावरचे चुकीचे स्पेलिंग वाचून सांगता आले. आठवीत असताना ठिपक्यांच्या किमतींच्या ज्या बेरजा केल्या होत्या, त्याच कामी आल्या.

ती चिप मिळविण्यासाठी रिची स्ट्रीटच्या चार खेपा झाल्या. माउंट रोडला लागून असलेली ही अरुंद गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा महासागर. तेथे दारात उभ्या असलेल्या विक्रेत्याला चिपेचा क्रमांक सांगितला, की तो तुमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून सहानुभूतीने मान हलवितो. चौथ्या खेपेस एका माडीवर, जुने फलक सोलून त्यांवरील भाग काढणाऱ्या एका वृद्ध दुकानदाराकडे, त्याच जातीच्या तीन चिपा निघाल्या. किंमत त्याने घेतली नाही. म्हणाला, "चालली तर या. नाही चालली तर येऊ नका." दुसरी चालली.

काढलेले सर्व भाग, जळका कपॅसिटर, गंजकी खोबण, मेलेली चिप, मी एका डब्यात ठेवले आहेत आणि प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी लावली आहे. इतके भाग बदलल्यावर हे यंत्र आमच्या शाळेचेच राहिले काय, असे कोणी विचारील. देवळाचा जीर्णोद्धार करताना शिखर बदलतात, फरशी बदलतात, आणि देऊळ तेच राहते, असे आपण मानतो. मी तेवढ्यावर समाधान मानले आहे. मात्र डबा टाकून दिलेला नाही.

आता उरली होती कॅसेट. तिच्यातील फीत काढून धुतली, वाळविली आणि दुसऱ्या कॅसेटच्या कवचात भरली. यंत्र कॅसेट वाचताना मजकुराचे २५६ बाइटांचे तुकडे करून घेते आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांक पडद्यावर दाखविते. शून्य, एक, दोन असे क्रमांक सरकत गेले. सहाव्याशी यंत्र थबकले. पडद्यावर शब्द आले, 'डेटा?', आणि खाली, 'टेप मागे गुंडाळा.' आम्ही ती मागे गुंडाळली. एकदा नव्हे, निदान चाळीसदा. वाचणाऱ्या डोक्याचा कोन सूतभर फिरवून पाहिला. सूर आजच्या संगणकावर उतरवून, स्वच्छ करून, पुन्हा ऐकवून पाहिला. बाकी सर्व तुकडे आले, सहावा आला नाही. त्या इंचभर फितीवरचा लेपच पुरात निघून गेला होता.

मागे तंजावरास गेलो होतो तेव्हाचा एक प्रसंग त्या वेळी मला आठवला. तेथील बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. दगडावरचा तो मजकूर, डोळे आणि अक्षरओळख एवढ्या भांडवलावर आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात मोडी कागदपत्रे विपुल आहेत. ते कागद धड आहेत, पण मी एम.ए. असूनही त्यांतील चार ओळी मला सलग लागल्या नाहीत. कागद टिकला तरी वाचणारा टिकावा लागतो. आणि कॅसेटीच्या बाबतीत वाचणारा म्हणजे माणूस नव्हे, ते यंत्र. खुद्द बीबीसीलाही याचा अनुभव आला. विल्यम राजाने १०८६ मध्ये केलेल्या जमीन-पाहणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या, मदतीने ब्रिटनचे नवे वर्णन तयार करविले आणि ते लेसर-तबकड्यांवर साठविले. वाचण्यास साधन, आमच्याच यंत्राचा पुढचा भाऊ. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मीळ झाली, की विद्यापीठांना त्यांच्या सुटकेसाठी वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चामड्यावरचे पुस्तक त्या वेळीही उघडून वाचता येत होते.

असो. सहाव्या तुकड्यात काय होते? कार्यक्रमाच्या आजूबाजूच्या ओळी पाहून ते कळले. त्यात वर्णमालेच्या शेवटच्या अक्षरांच्या संख्या होत्या. 'र'पासून 'ळ'पर्यंत. तुटलेल्या ओळी नव्याने जोडून कार्यक्रम चालविला, तेव्हा पडद्यावर 'आमची' उमटले, आणि पुढे दोन कानेच उभे राहिले. 'श' नाही, 'ळ' नाही. 'शाळा' या शब्दातील शाळाच गेली होती.

मी सरांना पुण्यास फोन केला. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. यंत्र चालू झाल्याचे सांगताच ते एकदम म्हणाले, "बूप-बीप वाजलं का रे?" मग मी पुराचे सांगितले. चार वर्षे खालच्या कप्प्यात ठेवल्याचे सांगितले. ढिगात ठेवल्याचेही सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मी विचारले, "सर, 'ळ'च्या संख्या कुठे लिहून ठेवलेल्या आहेत का?" ते म्हणाले, "अरे, मी कशाला ठेवू? काढलेली तुम्ही. पुन्हा काढ."

'र', 'ल', 'व' जमले. 'श' जमला. 'ळ'ने आम्हांला आठवीतही छळले होते, तसेच आताही छळले. दोन वाटोळे कान शेजारी शेजारी, मधून देठ, वर २५५, आणि जागा आठच ठिपक्यांची. आखीव कागदावर मी रविवारची सकाळ खोडण्यात घालविली. सारांची नात त्या दिवशी खाली आली होती. ती सहावीत आहे. तिने विचारले, हे काय चालले आहे. मी म्हणालो, एक अक्षर हरवले आहे, तुमच्याकडेही आहे ते. हिंदीत हा 'ळ' नाही, इंग्रजीत नाही, पण तामिळात आहे. आमच्या पलीकडच्या दलदलीच्या नावातच तो आहे, 'पळ्ळिक्करणै'. ती हसली आणि म्हणाली, "पळ्ळि म्हणजे शाळा." ही गोष्ट चार वर्षे पेरुंगुडीत राहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. मराठीत शाळा आणि तामिळात पळ्ळि, आणि दोहोंत तोच 'ळ'.

मग आम्ही दोघांनी दोन कागद घेतले. माझा 'ळ' शेवटी असा बसला: २५५, २४, १२६, १५३, १५३, १०२, आणि खाली दोन शून्ये. तिच्या 'ळ'ला शिरोरेषा नसल्यामुळे एक ओळ तिला जास्त मिळाली, आणि वरचा ठिपका देण्यास तिने ती वापरली. बेरजा तिने बोटांवर केल्या. मला कागद लागला. तीनच्या सुमारास पडद्यावर 'आमची शाळा' उमटले आणि त्याच्या खाली तामीळ लिपीत 'पळ्ळि'. सार चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले.

मी पडद्याचे छायाचित्र सरांना पाठविले. रात्री त्यांचा फोन आला. "खालचं अक्षर कुणाचं?" मी सांगितले. ते म्हणाले, "चांगलं काढलंय पोरीनं. तुझा 'ळ' मात्र बुटका झालाय. खाली दोन ओळी मोकळ्या होत्या, त्या का सोडल्यास?"